जायरेट अ‍ॅट्रॉफी : प्रौढांचे डोळे, पडदा आणि रक्तातले ऑर्निथिन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहानपणापासून मोठा मायनस नंबर, अंधार पडला की चाचपडणे आणि कडेने आकसत जाणारी नजर. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की फाइलवर बहुधा 'आरपी' म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा असे लिहिले जाते आणि 'याला इलाज नाही' असे सांगून विषय संपवला जातो. त्यातल्या मोजक्या लोकांना आरपी नसते, जायरेट अ‍ॅट्रॉफी असते. डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, आनुवंशिक आजारांपैकी फार थोड्यांत रक्ताच्या एका तपासणीवरून निदान होते आणि ताटातल्या अन्नाने आजाराचा वेग कमी करता येतो. जायरेट हा त्या थोड्यांपैकी एक. म्हणून तो ओळखायचा राहून गेला, तर नुकसान मोठे होते.

हा आजार नेमका काय आहे?

आपण खाल्लेल्या प्रथिनांत आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल असते. शरीरात त्यापासून ऑर्निथिन तयार होते. हे ऑर्निथिन पुढे मार्गी लावण्याचे काम ऑर्निथिन अमिनोट्रान्स्फरेज, थोडक्यात ओएटी, हे एन्झाइम करते. त्याला कामासाठी बी६ जीवनसत्त्वाची साथ लागते. ओएटीचे जनुक दहाव्या गुणसूत्रावर आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली, तर एन्झाइम काम करत नाही आणि ऑर्निथिन रक्तात साठत जाते. निरोगी माणसाच्या रक्तात ते साधारण ४० ते १२० मायक्रोमोल प्रति लिटर असते, तर या आजारात ४०० ते १४०० पर्यंत.

डोळ्यातले चित्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वर्णिले गेले होते. फुक्स यांनी १८९६ मध्ये त्याला नाव दिले. पण त्यामागे ऑर्निथिन आहे हे कळायला १९७३ साल उजाडले. ते काम फिनलंडमधल्या सिमेल आणि ताक्की यांचे. फिनलंडमध्ये हा आजार इतर देशांच्या तुलनेत जास्त आढळतो, तरी तिथेही तो सुमारे ५० हजारांत एक इतकाच आहे.

बिघाड सगळ्या शरीरात, मग मार डोळ्यालाच का?

ऑर्निथिन सगळीकडेच वाढते, पण पडद्याच्या मागचा रंगद्रव्याचा थर, म्हणजे आरपीई, त्याला सर्वांत आधी बळी पडतो. या पेशी मेल्या की त्यांच्यावर जगणाऱ्या प्रकाशसंवेदी पेशी आणि मागचा रक्तवाहिन्यांचा थर, कोरॉइड, हेही झिजतात. डोळ्याच्या आत पाहिले की कडेच्या भागात गोलसर, कंगोरेदार काठांचे, स्वच्छ रेघ मारल्यासारखे पांढुरके चट्टे दिसतात. वर्षानुवर्षे ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांची नागमोडी किनार मध्याकडे, म्हणजे वाचायची नजर देणाऱ्या मॅक्युलाकडे, सरकत येते. 'जायरेट' हे नाव या वळणदार किनारीवरूनच आले.

मॅक्युला शेवटपर्यंत तग धरतो. तो वाचवायला मिळणारी वर्षे हीच प्रौढ रुग्णाची खरी पुंजी.

डोळ्याखेरीज स्नायूंमध्येही बदल होतात. शरीरात क्रिएटिन कमी तयार होत असल्याने स्नायूंचे टाइप २ तंतू बारीक होतात, पण रोजच्या चालण्या-फिरण्यात बहुतेकांना ते जाणवत नाही. बुद्धी बहुतेकांची सर्वसामान्य असते.

कोणत्या वयात काय दिसते?

साधारण क्रम असा. शाळेच्या वयात मायनस नंबर, तोही झपाट्याने वाढणारा. पहिल्या-दुसऱ्या दशकात रातांधळेपणा. विशीच्या आसपास मोतीबिंदू, बहुधा भिंगाच्या मागच्या पापुद्र्यावर. त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे किंवा दुपारचे ऊन डोळ्यांवर फुटल्यासारखे होते. तिशी-चाळिशीत बाजूचे दिसणे इतके कमी होते की समोरच्याचा चेहरा नीट दिसतो, पण पुढे केलेला हात दिसत नाही. उपचार न झाल्यास बहुतेकांची दृष्टी ४० ते ६० च्या दरम्यान कायदेशीर अंधत्वाच्या पातळीला जाते. हा वेग एकाच घरातल्या दोन भावंडांतही वेगळा असू शकतो.

घरच्यांना एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. वर्तमानपत्र वाचणारा, मोबाइलवर टाइप करणारा माणूस पायरीवर अडखळतो किंवा दारातल्या बादलीला धडकतो, तेव्हा त्याला 'लक्ष नसते' असे म्हटले जाते. लक्ष असते. दिसण्याचा गोल तेवढा लहान झालेला असतो.

मला आरपी सांगितले आहे. ते जायरेट असू शकते का?

पुढीलपैकी काही लागू पडत असेल तर तपासून घ्यावे : लहानपणापासूनचा जास्त मायनस नंबर, तिशीच्या आत मोतीबिंदू, पडद्याच्या फोटोत काळ्या ठिपक्यांपेक्षा ठळक कडांचे पांढरे चट्टे जास्त, आईवडील नात्यातले. जास्त नंबरामुळे होणारी पडद्याची झीज आणि कोरॉइडेरेमिया या दोन आजारांशीही याची गल्लत होते. कोरॉइडेरेमिया एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुख्यतः पुरुषांना होतो. त्यामुळे बहिणीलाही तसेच चट्टे असतील तर जायरेटचा विचार आधी करावा.

उलट बाजूही लक्षात असू द्या. रक्तात ऑर्निथिन जास्त आणि सोबत अमोनियाही जास्त असेल, लघवीत होमोसिट्रुलिन नावाचा पदार्थ सापडत असेल, तर तो एचएचएच सिंड्रोम नावाचा वेगळा आजार आहे. त्यात पडदा असा झिजत नाही. प्रौढ जायरेट रुग्णाचा अमोनिया सहसा नॉर्मल असतो.

ऑर्निथिनची तपासणी कशी करायची? कुठे चुकते?

तपासणीचे नाव 'प्लाझ्मा अमिनो अ‍ॅसिड्स, क्वांटिटेटिव्ह'. मागणीपत्रावर 'ऑर्निथिनसाठी' असे स्पष्ट लिहून घ्यावे. काही स्वस्त चाचण्या फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगतात. त्यांचा इथे उपयोग नाही, आकडा हवा. सकाळी रात्रभराच्या उपाशीपोटी रक्त द्यावे. ते बहुधा हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन नळीत घेतात.

चूक बहुतेक वेळा रक्त काढल्यानंतर होते. तांबड्या पेशींत आर्जिनेज नावाचे एन्झाइम असते. रक्त तसेच नळीत तासन्‌तास पडून राहिले किंवा पेशी फुटून प्लाझ्मा लालसर झाला, तर हे आर्जिनेज नळीतच आर्जिनिनचे ऑर्निथिन करत बसते. ऑर्निथिन खोटे वाढलेले आणि आर्जिनिन खोटे कमी दिसते. तालुक्याच्या गावातून मुंबई-पुण्याच्या लॅबला नमुना जात असेल तर हे हमखास घडते. म्हणून रक्त काढताच नळी बर्फात ठेवावी, लवकरात लवकर सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पेशींविना द्रव भाग, वेगळा करावा, गोठवावा आणि गोठलेल्या स्थितीतच पाठवावा. कलेक्शन सेंटरला हे आधी फोन करून विचारा. तिथे सेंट्रिफ्यूज नसेल तर मुख्य लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या.

आकडा ६०० किंवा ९०० आला तर शंकेला फारशी जागा राहत नाही. १५०-२०० सारखा मधला आकडा आला तर आधी नमुना कसा हाताळला गेला ते पाहावे आणि तपासणी पुन्हा करावी. रिपोर्टमध्ये लायसिन कमी आढळणे हेही जायरेटशी जुळते. शेवटी ओएटी जनुकाची तपासणी करून निदान पक्के करतात. पुढच्या पिढीच्या सल्ल्यासाठी ती लागतेच.

डोळ्याच्या कोणत्या तपासण्या, किती दिवसांनी?

पहिल्या भेटीत सगळे एकदा नोंदवून ठेवावे : चष्म्यासह दृष्टी, बाहुली मोठी करून पडद्याचा वाइड-फील्ड फोटो, ऑटोफ्लुरोसन्स (पडद्याची स्वतःची चमक टिपणारा फोटो), मॅक्युलाचा ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन), फील्ड टेस्ट (कडेपर्यंत किती दिसते ते मोजणारी) आणि ईआरजी. पडद्याची विद्युत प्रतिक्रिया मोजणारा ईआरजी या आजारात लवकर खाली जातो. एकदा तो जवळजवळ सपाट झाला की वारंवार करून काही कळत नाही. तेव्हा खर्च आणि वेळ ओसीटीवर घालवा. ओसीटी साधारण सहा महिन्यांनी आणि फील्ड वर्षातून एकदा पुरेसे होते. मॅक्युलाला सूज असेल तर ओसीटी लवकर लागतो.

फील्ड टेस्ट दर वेळी एकाच मशीनवर आणि एकाच पद्धतीने करा. ऑटोमेटेड टेस्ट बहुतेक ठिकाणी मधला भागच मोजते. कडेचे क्षेत्र मोजायला गोल्डमन किंवा तशी कायनेटिक, म्हणजे सरकत्या ठिपक्याची, पद्धत लागते. फोटो आणि ओसीटीच्या मूळ फाइल्स पेनड्राइव्हवर मागून घ्या. कागदावरचे काळे-पांढरे प्रिंट पाच वर्षांनी तुलनेला निरुपयोगी ठरते.

वय चाळिशीच्या पुढे. आता पथ्य करून काय मिळणार?

गेलेला पडदा परत येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. पण उरलेला भाग किती वर्षे टिकतो, यावर ऑर्निथिनच्या पातळीचा परिणाम होतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये म्युरिएल कायझर-कुफर आणि सहकाऱ्यांनी आर्जिनिन कमी केलेल्या आहारावर भावंडांच्या जोड्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. लहान वयात पथ्य सुरू केलेल्या धाकट्या भावंडाच्या पडद्याची झीज, थोरले त्याच वयाचे असताना होती त्यापेक्षा कमी निघाली. रक्तातले ऑर्निथिन सरासरी ४०० ते ५०० च्या खाली ठेवता आले, तर फायदा दिसतो असा त्या अनुभवाचा रोख आहे. पातळी याहून खाली नेता आली तर अधिक चांगले.

प्रौढांना लहान मुलांइतका फायदा होत नाही. तरीही मॅक्युला शाबूत असलेल्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या माणसाने प्रयत्न करावा, असे आमचे ठाम मत आहे. वाचायला लागणारी नजर नेमकी तिथेच असते. दृष्टी केवळ उजेड-अंधार कळण्यापुरती उरली असेल, तर एवढ्या कडक पथ्याचा भार घ्यायचा का हे रुग्णाने स्वतः ठरवावे, आणि त्याने नको म्हटले तर घरच्यांनी ते मानावे.

आधी बी६ देऊन पाहतात, ते का?

ओएटी बी६ च्या मदतीने काम करते. काही थोड्या रुग्णांत एन्झाइमची रचना अशी बिघडलेली असते की जास्त बी६ मिळाल्यावर ते थोडेफार काम करू लागते. अशा रुग्णांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. पण प्रयोग सोपा आणि स्वस्त असल्याने तो प्रत्येकाने एकदा करावा. गोळी सुरू करण्याआधी ऑर्निथिन मोजायचे. आहारात काहीही न बदलता डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, साधारण ३०० ते ५०० मिलिग्रॅम रोज, काही आठवडे पायरिडॉक्सिन (म्हणजेच बी६) घ्यायचे आणि पुन्हा मोजायचे. ठळक घट झाली तर मात्रा हळूहळू कमी करत लागू पडणाऱ्या सर्वांत कमी मात्रेवर थांबायचे. फरक पडला नाही तर औषध बंद.

पथ्य आणि बी६ एकाच दिवशी सुरू करणे ही नेहमीची चूक. मग ऑर्निथिन कशाने उतरले ते कधीच कळत नाही. दुसरी चूक म्हणजे उपयोग नसताना मोठ्या मात्रेची गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवणे. जास्त बी६ ने तळपायांना मुंग्या, बधिरपणा येतो. आधीच कमी दिसणाऱ्या माणसाचा पायाखालचा अंदाजही जातो, आणि तो पडतो.

पथ्यात नेमके काय करायचे?

तीन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात : नैसर्गिक प्रथिने मोजून कमी करणे, पोटभर उष्मांक देणे आणि शरीराला लागणारी आवश्यक अमिनो आम्ले आर्जिनिनविरहित पावडरीतून भरून काढणे. मेटाबॉलिक आजारांची माहिती असलेल्या आहारतज्ज्ञाशिवाय हे सुरू करू नये.

६० किलोच्या माणसाला किलोमागे ०.४ ग्रॅम असा हिशोब ठरला तर दिवसाची नैसर्गिक प्रथिने २४ ग्रॅम. आता ताट मांडून पाहू. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात म्हणजे सुमारे ७ ग्रॅम. प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या म्हणजे १२ ग्रॅम. झाले १९. उरलेल्या ५ ग्रॅमांत भाज्या आणि अर्धी वाटी दूध किंवा दही. वरणाला जागाच उरत नाही. मराठी घरात हे पचवायला सर्वांत जड जाते, म्हणून ते पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून घ्यावे. नाहीतर महिनाभराने 'वाटीभर वरणाने काय होतंय' सुरू होते.

प्रथिने सारखी असली तरी आर्जिनिन सारखे नसते. २०० मिली दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने आणि ०.२ ग्रॅम आर्जिनिन. २० ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटात प्रथिने ५ ग्रॅम, पण आर्जिनिन ०.६ ग्रॅम. म्हणजे प्रथिने दुधापेक्षा कमी आणि आर्जिनिन तिप्पट. तिळाचेही तसेच, २० ग्रॅम तिळात सुमारे अर्धा ग्रॅम. बदाम, भोपळ्याच्या बिया, सोयाबीन, हरभरा आणि सर्व डाळी याच बाजूच्या. धान्यांत ज्वारी आर्जिनिनला गव्हापेक्षा हलकी पडते. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ०.२ ग्रॅम, तेवढ्याच कणकेत ०.३५ च्या आसपास. मांसाहारात चिकन आणि मासळी तर मोजावी लागतेच, पण कोकणातली सुकट किंवा जवळा वाळलेला असल्याने मूठभरातच भरपूर प्रथिने देतो.

आमच्याकडे कूट हा मुख्य चोर आहे. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, मेथीच्या भाजीत, आमटीला दाटपणा आणायला, थालीपिठाबरोबरच्या चटणीत, सगळीकडे ते 'चमचाभर'च असते आणि दिवसाकाठी ४० ग्रॅम सहज होते. आठवडाभर घरातल्या कुटाचा डबा वजनकाट्यावर ठेवून पाहा, म्हणजे कळेल. रश्श्याला दाटपणा भाजलेल्या कांद्याच्या वाटणाने, टोमॅटोने किंवा उकडलेल्या बटाट्याने येतो. सुके खोबरे अगदी थोडे चालते, पण तेही मोजून.

उष्मांकासाठी साबुदाणा, आरारोट, बटाटा, रताळे, फळे, तूप, तेल, साखर आणि गूळ यांचा आधार घ्यावा. ६० किलोच्या माणसाला साधारण १८०० ते २१०० किलोकॅलरी मिळाल्या पाहिजेत. त्या कमी पडल्या तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खाते, त्यातून आर्जिनिन सुटते आणि पथ्य करूनही ऑर्निथिन वाढते.

पावडर घेताना लेबलवर आर्जिनिन आहे का ते वाचा. पीकेयू या वेगळ्या अमिनो आम्लाच्या आजारासाठीच्या पावडरी चुकून आणल्या जातात, आणि त्यांत आर्जिनिन घातलेले असते. युरिया सायकलच्या (शरीरातला अमोनिया बाहेर काढण्याच्या प्रक्रियेच्या) आजारांसाठीच्या आवश्यक अमिनो आम्लांच्या मिश्रणांतून आहारतज्ज्ञ योग्य ते निवडतात. दिवसाची मात्रा तीन-चार वेळा विभागून, जेवणासोबत घ्यावी. गरम पाण्यात तिचा वास उठतो. थंड लिंबूसरबतात ती जरा बरी लागते.

बी१२, लोह, जस्त, कॅल्शियम यांची तपासणी वर्षातून एकदा करावी आणि कमी असेल ते भरून काढावे. प्रथिने कमी केलेल्या ताटात ही सगळी कमी पडतात.

उपवास चालतात का?

निर्जळी किंवा दिवसभर काहीही न खाता केलेला उपवास नको. कारण वर आलेच : शरीर स्वतःचे स्नायू मोडते. फराळाचा उपवास चालतो, पण साबुदाण्याची खिचडी बघून करा. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच, त्या अर्थी तो या आजारासाठी फार सोयीचा. पण एका ताटलीत ३० ग्रॅम कूट पडले की ०.९ ग्रॅम आर्जिनिन आले, म्हणजे दिवसभराच्या भात-भाकरीतून मिळते जवळपास तेवढेच. कुटाऐवजी बटाटा, जिरे, हिरवी मिरची आणि तूप यांची खिचडी करावी. राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की टाळावी. संक्रांतीचा तिळगूळ हातावर घेऊन एक दाणा तोंडात टाकला तर काही बिघडत नाही. डबाभर नको.

पथ्य काटेकोर आहे, तरी आकडा वाढला. का?

नमुन्याची हाताळणी आधी तपासा. मग पाहा : मागच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, जुलाब, शस्त्रक्रिया झाली का? वजन उतरले का? पावडर कडू लागते म्हणून अर्धीच घेतली जाते का? आहारातली मापे डोळ्यांनी घेतली जातात की काट्यावर? कमी दिसणाऱ्यासाठी बोलणारा स्वयंपाकघर-काटा मिळतो. तो घरात असावा. सुरुवातीला ऑर्निथिन दर महिन्याला मोजावे. ते स्थिरावल्यावर तीन महिन्यांनी पुरते.

कोणती औषधे आणि पूरके टाळायची?

हा भाग फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. कारण धोका डोळ्यांच्या दवाखान्यात कमी आणि इतर दवाखान्यांत जास्त आहे.

एल-आर्जिनिनचे सॅशे आपल्याकडे गरोदरपणात बाळाची वाढ किंवा गर्भजल कमी असेल तर सर्रास लिहून दिले जातात. जायरेट असलेल्या स्त्रीने ते घेऊ नयेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत आजाराचे नाव लिहून द्यावे. यकृताच्या अनेक गोळ्या, सॅशे आणि सलाइनमध्ये एल-ऑर्निथिन एल-अस्पार्टेट असते. कावीळ झाली, फॅटी लिव्हर निघाले की ते मिळते. म्हणजे जे रक्तातून कमी करायची धडपड चालली आहे, तेच थेट दिले जाते. जिममधल्या 'पंप' पावडरी, लैंगिक शक्तीच्या गोळ्या आणि काही प्रोटीन पावडरींतही आर्जिनिन असते. फिट्ससाठीचे व्हिगाबॅट्रिन हे औषध स्वतःच दृष्टिक्षेत्र आकुंचित करते. दुसरा पर्याय असताना ते नकोच.

क्रिएटिन आणि लायसिनचे काय?

क्रिएटिनवर फिनलंडमध्ये काम झाले. रोज १.५ ग्रॅम दिल्यावर स्नायूंच्या तंतूंत सुधारणा दिसली, पण पडद्याची झीज थांबली नाही. स्नायूंच्या तक्रारी असतील तर त्याचा विचार होतो. लायसिन आणि ऑर्निथिन मूत्रपिंडात एकाच वाटेने परत शोषले जातात. लायसिन जास्त दिले की ऑर्निथिन लघवीतून जास्त जाते, असा त्यामागचा विचार. काही रुग्णांत पातळी उतरते. तो पथ्याला पर्याय नाही, जोड आहे.

मॅक्युलाला सूज आहे असे सांगितले. वाचायची नजर जाईल का?

मॅक्युलातली पाणीदार सूज या आजारात वारंवार दिसते आणि तिच्यावर उपचार होतात. म्हणून मधली नजर धूसर झाली की 'आजार वाढला' असे मानून घरी बसू नका, ओसीटी करा. डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइडचे थेंब, अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या आणि काही वेळा स्टिरॉइड यांचा वापर होतो. काही रुग्णांत ऑर्निथिन उतरल्यावर सूजही उतरल्याचे दिसले आहे. अ‍ॅसिटाझोलामाइडने बोटांना मुंग्या येतात, पोटॅशियम उतरते, मुतखडा होऊ शकतो. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. थेंब बंद केल्यावर सूज परत येऊ शकते, म्हणून ते मनाने बंद करू नयेत.

मोतीबिंदूचे ऑपरेशन करावे का?

मोतीबिंदूमुळे खरोखर अडत असेल तर करावे. पडद्याचा उरलेला मधला गोल लहान असला तरी त्याच्यावरची धूळ पुसली गेल्यासारखा फरक पडतो. अट एकच : ऑपरेशनच्या आधी ओसीटी झालेला असावा. सूज असेल तर आधी तिच्यावर उपचार, मग ऑपरेशन. नंतर पुन्हा ओसीटी, कारण ऑपरेशननंतर सूज वाढू शकते. डोळा लांब असल्याने लेन्सचा नंबर काढताना जास्त काळजी लागते. मल्टिफोकल लेन्स टाळावी. ती प्रकाश वाटून देते आणि या डोळ्याला कॉन्ट्रास्टची आधीच वानवा असते.

व्हिटॅमिन ए, गाजर, स्टेम सेल, जीन थेरपी?

रातांधळेपणा म्हटले की व्हिटॅमिन ए आठवते. इथे त्याची कमतरता हे कारणच नाही, म्हणून गाजराने किंवा कॅप्सूलने फरक पडत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले डोळ्याचे जीन थेरपीचे इंजेक्शन आरपीई६५ या वेगळ्या जनुकाच्या दोषासाठी आहे. ओएटीसाठी मंजूर जीन थेरपी आजघडीला नाही, प्रयोगशाळांत काम सुरू आहे. पैसे घेऊन डोळ्यात स्टेम सेल टोचणाऱ्यांपासून दूर राहा. २०१७ मध्येच अमेरिकेतल्या तीन रुग्णांची वृत्तपत्रांतून गाजलेली हकीकत प्रसिद्ध झाली. मॅक्युलाच्या वेगळ्या आजारासाठी पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचल्यावर त्यांची दृष्टी फार मोठ्या प्रमाणात गेली. चालू असलेल्या खऱ्या चाचणीत सहभागी होण्याचे पैसे रुग्णाकडून मागत नाहीत.

भावंडे, लग्न, मुले – कोणाची तपासणी करायची?

सख्ख्या प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे सर्व भावंडांचे ऑर्निथिन मोजावे, डोळ्यांची तक्रार नसली तरी. दहा वर्षांच्या धाकट्या बहिणीचा आकडा वेळेत सापडला, तर तिला पथ्याचा खरा फायदा मिळतो. नवजात बाळात मात्र ऑर्निथिन कमी किंवा नॉर्मल येऊ शकते, कारण त्या वयात एन्झाइमचे काम उलट दिशेने, ऑर्निथिन तयार करण्याकडे, चालते. तिथे जनुकीय तपासणीच करावी.

रुग्णाचे प्रत्येक मूल वाहक असते, म्हणजे त्याच्याकडे जनुकाची एक बिघडलेली प्रत असते. आजार होईल तो जोडीदारही वाहक असला तरच, आणि तेव्हा शक्यता निम्मी. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न ठरत असेल तर लग्नाआधी जोडीदाराच्या ओएटी जनुकाची तपासणी करावी. घरातला नेमका बदल माहीत असेल तर ती सोपी आणि स्वस्त होते. वाहकाचे ऑर्निथिन नॉर्मल असू शकते, म्हणून रक्ताच्या आकड्यावर विसंबू नये.

गरोदरपणात बाळाच्या वाढीसाठी प्रथिने लागतात. आधीचे कडक माप तसेच चालवायचे नाही. दिवस राहण्याआधीच मेटाबॉलिक डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांशी बोलून घ्यावे. बाळंतपणानंतरच्या दिवसांत ऑर्निथिन वाढू शकते, तेव्हा तपासणी लवकर करावी. डिंकाचे, अळिवाचे लाडू सुकामेवा आणि खोबऱ्याने भरलेले असतात. त्यांची मापे आधीच ठरवावीत.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते का?

मिळू शकते, आणि त्यासाठी अक्षरे वाचता न येण्याची वाट पाहायची नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी दोन प्रकारे मोजतात : चांगल्या डोळ्याची चष्म्यासह दृष्टी ६/१८ पेक्षा कमी, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी. दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व धरतात. म्हणजे ६/९ वाचणारा, पण नळीतून पाहिल्यासारखे दिसणारा माणूसही पात्र असू शकतो. तपासणीच्या दिवशी फील्ड टेस्टचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. तो नसेल तर फक्त अक्षरांचा तक्ता वाचायला लावून 'दृष्टी चांगली आहे' असे लिहिले जाते. सवलतींसाठी ४० टक्के ही मर्यादा असते. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवरून करता येतो. काठी वापरण्याचे प्रशिक्षण, स्क्रीन रीडर यांसाठी मुंबईत मुख्यालय असलेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड मदत करते. दुचाकी आणि रात्रीचे वाहन चालवणे मात्र फील्ड कमी झाल्याचे कळताच सोडावे, हायवेवर तर नक्कीच.

तातडीने दवाखान्यात कधी जायचे?

डोळ्यापुढे अचानक विजा चमकल्यासारखे किंवा काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे झाले, कडेने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी. जास्त मायनस नंबरच्या डोळ्यात पडदा सुटण्याचा धोका असतोच. सरळ रेषा, म्हणजे दाराची चौकट किंवा फरशीचे सांधे, वाकडे दिसू लागले तर दोन-तीन दिवसांच्या आत ओसीटी करावा. क्वचित मॅक्युलाखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या येतात, आणि त्यांच्यावर इंजेक्शनचा उपचार जितका लवकर तितका बरा. प्रत्येक डोळा हाताने झाकून दर रविवारी एकाच चौकटीकडे पाहा. दोन्ही डोळ्यांनी पाहिले तर एका डोळ्यातला बिघाड दुसरा डोळा महिनोन्‌महिने झाकून ठेवतो.